सिस्को ७९४०जी आणि ७९६०जी: फोन स्वस्त मिळतो, घोडं अडतं विजेवर

जुन्या ऑफिस सामानाच्या बाजारात, मग तो लॅमिंग्टन रोड असो की ऑनलाइन विक्रेते, सिस्कोचे ७९४०जी आणि ७९६०जी हे नेटवर्क केबलवर चालणारे ऑफिसचे फोन अजून ढिगाने मिळतात. करडी बॉडी, जड रिसीव्हर, मागचा पाय हवा तसा वाकवता येतो, स्पीकरफोनचा आवाज आजच्या बऱ्याच स्वस्त फोनपेक्षा बरा. ७९४० ला दोन लाइनची बटणं, ७९६० ला सहा. एवढाच काय तो दोघांतला फरक. दहा-बारा टेबलांचं ऑफिस असलेल्या माणसाला हा सौदा मोहात पाडतो. जाहिरातीत 'पीओई सपोर्टेड' असंही लिहिलेलं असतं, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारा.

ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. फोन आणला, नव्याकोऱ्या पीओई स्विचला पॅच कॉर्डने जोडला, आणि काहीच झालं नाही. ना स्क्रीन, ना दिवा. दुसऱ्या पोर्टला लावून बघितलं, कॉर्ड बदलली, तरी तेच. मग फोन 'डेड' म्हणून परत जातो. विक्रेता ४८ व्होल्टचा अडॉप्टर लावतो आणि फोन लख्ख चालू करून दाखवतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. तुमच्याकडे जुना सिस्को कॅटॅलिस्ट पीओई स्विच असेल, किंवा प्रत्येक टेबलाजवळ प्लग पॉइंट मोकळा असेल, तरच ७९४०/७९६० घ्या. नाहीतर थोडे पैसे जास्त मोजून ७९४१जी, ७९६१जी, ७९४२जी किंवा ७९६२जी घ्या. दिसायला जवळजवळ सारखेच, पण विजेच्या बाबतीत पिढी वेगळी.

हा घोळ जन्माने आहे. नेटवर्क केबलमधून फोनला वीज देण्याची पद्धत सिस्कोने २००० च्या सुमारास स्वतःच्या घरची काढली. ८०२.३एएफ हे सगळ्यांचं मानक आलं २००३ मध्ये. ७९४० आणि ७९६० त्या आधीच्या काळातले, आणि मॉडेलच्या शेवटी 'जी' लागला म्हणून त्यांची वीज घेण्याची रीत बदलली नाही. दोन्हीकडे व्होल्टेज साधारण ४८ च. फरक आहे ओळख पटवण्यात.

मानक स्विच पोर्टवर एकदम ४८ व्होल्ट सोडत नाही. आधी २.८ ते १० व्होल्टच्या दरम्यान हलकासा दाब देऊन पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा रोध आहे का ते बघतो. तो सापडला, तर समोरचं उपकरण वीज घेणारं आहे असं समजतो. मग १५.५ ते २०.५ व्होल्टवर त्याचा वर्ग, म्हणजे किती वीज लागेल ते, विचारतो आणि त्यानंतरच पूर्ण वीज चालू करतो. सिस्कोच्या जुन्या पद्धतीत रोधबिध काही नाही. स्विच एका जोडीवर लहान स्पंद पाठवतो, वीज नसलेला फोन तेच स्पंद आतल्या आत दुसऱ्या जोडीवरून परत फिरवतो. आपलाच आवाज परत आला म्हणजे पलीकडे आपला फोन आहे, असा त्याचा हिशोब. म्हणजे नवा स्विच रोध शोधतोय आणि जुना फोन स्पंद परत करायला बसलाय. दोघांची गाठच पडत नाही.

यातली दिलाशाची गोष्ट म्हणजे असं जोडल्याने फोन जळत नाही, स्विचही खराब होत नाही. ओळख पटली नाही, वीज सुटली नाही, विषय संपला. 'चुकीच्या पीओईने फोन उडाला' असं कोणी सांगितलं, तर जवळजवळ नेहमी मधे एखादा पॅसिव्ह इंजेक्टर, म्हणजे काही न विचारता केबलमध्ये वीज घालणारा डबा, सापडतो. त्याचं पुढे बोलू.

विजेशी झगडण्याआधी फोनची पाठ मात्र बघून घ्या. मागे दोन नेटवर्क पोर्ट असतात. एकावर '१०/१०० एसडब्ल्यू' लिहिलंय, दुसऱ्यावर '१०/१०० पीसी'. वीज फक्त एसडब्ल्यूमधून घेतली जाते. पीसी पोर्टला केबल लावून तासभर डोकं खाजवणारे कमी नाहीत. वीज पोहोचली की हेडसेट, म्यूट आणि स्पीकर या बटणांचे दिवे आळीपाळीने लागतात. ते दिसले की विजेचा प्रश्न मिटला. त्यानंतर फोन अडला तर दोष कॉन्फिगरेशनचा.

आता वीज द्यायचे मार्ग. सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे जुन्या फोनला जुनाच स्विच. कॅटॅलिस्ट ३५६० मालिकेतले पीओई स्विच दोन्ही भाषा बोलतात, सिस्कोची जुनी आणि ८०२.३एएफ सुद्धा. लहान ऑफिसला ३५६०-८पीसी फार सोयीचा: आठ पोर्ट, पीओईसाठी १२४ वॉट, आणि पंखा नाही, त्यामुळे टेबलाखाली ठेवला तरी घरघर नाही. २४ पोर्टच्या ३५६०-२४पीएसमध्ये ३७० वॉट मिळतात, पण तो पंख्यांचा आहे. त्याला रॅक किंवा बंद खोली हवी. ३५५०-२४ पीडब्ल्यूआर मात्र टाळा. तो फक्त जुनी पद्धत जाणतो. आज ७९६० चालतील, उद्या त्याच पोर्टला नवा फोन किंवा ॲक्सेस पॉइंट लावला की तोच खेळ उलट्या बाजूने सुरू. ७९४१ आणि ७९६१ ना दोन्ही पद्धती येतात, म्हणून ते अशा स्विचवरही चालतात. ७८०० मालिकेतले फोन नाही चालणार.

३५६० घेतला तरी एक खोच आहे. जुना फोन ओळखल्यावर स्विच त्याच्या नावावर आधी पूर्ण १५.४ वॉट राखून ठेवतो. फोन बूट झाला की सीडीपीवरून (सिस्कोची उपकरणं एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती) स्वतःची खरी गरज सांगतो, ६.३ वॉट, आणि बाकीचे वॉट मोकळे होतात. कोणी सुरक्षेच्या नावाखाली 'नो सीडीपी रन' मारून ठेवलं असेल, तर हे संभाषणच होत नाही. मग ४८ पोर्टच्या ३५६०-४८पीएसचे ३७० वॉट २४ फोनमध्येच संपतात. प्रत्यक्षात ४८ फोनांना ३०२ वॉट पुरले असते. 'शो पॉवर इनलाइन' ही आज्ञा देऊन पॉवरच्या रकान्यात ६.३ दिसतंय की १५.४, एवढं बघितलं की कळतं. सीडीपी चालू करायचं नसेल, तर पोर्टवर 'पॉवर इनलाइन कन्झम्प्शन ७०००' लिहा. आकडा मिलिवॉटमध्ये असतो.

आणखी एक सवय लावून घ्या. अशा पोर्टवरून फोन काढून लगेच लॅपटॉप खुपसू नका. आधी दहा सेकंद जाऊ द्या. फोन गेल्याचं स्विचला कळून वीज बंद व्हायला थोडा वेळ लागतो.

दुसरा मार्ग अडॉप्टर. सिस्कोचा मूळ अडॉप्टर सीपी-पीडब्ल्यूआर-क्यूब-३, ४८ व्होल्ट, ०.३८ अँपिअर. बाजारात याच्या नकला भरपूर मिळतात. घेताना वरचा आकडा वाचा, पिन बसते म्हणून घेऊ नका. हा मार्ग कटकट न करता चालतो, पण पीओईचा खरा फायदा गमावतो. पीओईत रॅकमधल्या स्विचला एक यूपीएस लावला की वीज गेल्यावर सगळे फोन जिवंत राहतात. अडॉप्टरवर असलेले फोन लाइट गेली की मान टाकतात, आणि दुपारी लोडशेडिंग असलेल्या गावात नेमका तोच वेळ ग्राहकांच्या फोनचा. ७९६० ला ७९१४ हे जादा बटणांचं जोडयंत्र लावलं असेल, तर अडॉप्टर त्यालाही लागतो. ते फोनकडून वीज उसनी घेत नाही.

तिसरा मार्ग इंजेक्टरचा, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. इंजेक्टर दोन जातीचे. ८०२.३एएफ लिहिलेला इंजेक्टर स्विचसारखाच आधी २५ किलोओहम शोधतो, म्हणून तो ७९६० ला वीज देणारच नाही. 'स्विच देत नाही म्हणून इंजेक्टर घेतला' ही फुकट गेलेली खरेदी. पॅसिव्ह इंजेक्टर काही विचारत नाही, ४-५ आणि ७-८ या पिनांवर सतत व्होल्टेज ढकलत बसतो. ब्रॉडबँडवाले छतावरच्या अँटेनाबरोबर जो काळा डबा देतात, तो बहुतेक वेळा याच जातीचा, पण २४ व्होल्टचा. त्याच्यावर हा फोन उठत नाही. दिसायला ४८ व्होल्टवाला अगदी तसाच असतो, म्हणून खालचं लेबल वाचल्याशिवाय हात लावू नये.

४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर लावला तरी फोन बंदच राहू शकतो, कारण ध्रुवता. रूढ मांडणीत ४-५ वर धन आणि ७-८ वर ऋण असतं. सिस्कोच्या जुन्या फोनांना ते उलटं लागतं. मानकाप्रमाणे बनलेल्या फोनमध्ये आत डायोडचा ब्रिज असतो, त्यामुळे त्याला उलटसुलट चालतं. या जुन्या फोनांकडून ती अपेक्षा ठेवू नका. उपाय म्हणजे इंजेक्टर आणि फोन यांच्यामध्ये एक खास पॅच कॉर्ड. एका टोकाला नेहमीची ५६८बी रचना. दुसऱ्या टोकाला नारिंगी आणि हिरवी जोडी आहे तिथेच ठेवायची, फक्त निळी जोडी ७-८ वर आणि ब्राऊन जोडी ४-५ वर क्रिंप करायची. फोन लावण्याआधी मोकळ्या टोकाला मल्टिमीटर लावून ७-८ वर धन येतंय याची खात्री करा. आणि त्या कॉर्डला लाल टेप गुंडाळा.

लाल टेप ही हौस नाही. पीओई न जाणणाऱ्या जुन्या नेटवर्क कार्डांत ४-५ आणि ७-८ या जोड्या आत प्रत्येकी ७५ ओहमच्या रोधाने एकत्र बांधलेल्या असतात. म्हणजे या दोन जोड्यांमध्ये १५० ओहम. त्यावर ४८ व्होल्ट बसले की ०.३२ अँपिअर वाहतो, म्हणजे १५ वॉटहून जास्त उष्णता, आणि ती मोहरीएवढ्या दोन रोधांत. धूर काढायला तेवढं पुष्कळ झालं. सफाई करताना कोणी ती कॉर्ड लॅपटॉपला लावली की बिल तुमच्या नावावर.

ऑफिसात जुनं ईपीएबीएक्स (ऑफिसचं स्वतःचं टेलिफोन एक्सचेंज) असेल तर आणखी एक जुगाड आधी तपासा. एकाच केबलच्या चार जोड्यांपैकी नारिंगी-हिरवी कॉम्प्युटरला आणि निळी किंवा ब्राऊन एक्सटेंशनला, असं वायरमनने वाटून दिलेलं असतं. शंभर एमबीपीएसवर ते वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं. पण पॅसिव्ह इंजेक्टरची वीज नेमकी त्याच जोड्यांवर येते, म्हणजे तुमचे ४८ व्होल्ट थेट ईपीएबीएक्सच्या कार्डात. भिंतीवरचा आयओ बॉक्स उघडा, आठच्या आठ तारा एकाच जॅकवर पंच केल्यात का ते बघा, मगच पुढे जा. स्विचमधून १-२ आणि ३-६ वरून दिलेल्या विजेला हा प्रश्न येत नाही. ३५६० तशीच देतो.

चौथा मार्ग, दुसऱ्या कंपनीच्या मॅनेज्ड स्विचमधली 'लेगसी' सोय. एचपी प्रोकर्व्हमध्ये ती 'प्री-एसटीडी-डिटेक्ट' नावाने असते, नेटगिअरच्या काही स्विचांत ओळखीच्या प्रकारात 'लेगसी' असा पर्याय असतो. ती चालू केल्यावर काही ७९६० उठतात. पण ही सोय सिस्कोचे स्पंद समजून घेत नाही. पलीकडे मोठा कपॅसिटर असल्यासारखं दिसलं तरी वीज सोडते. म्हणून हमी नाही. उठला नाही तर एकदा क्रॉसओव्हर कॉर्ड लावून बघा. तिच्यात १-२ आणि ३-६ ची अदलाबदल असते, त्यामुळे ध्रुवता उलटते, आणि डेटाचं आजचे स्विच आपोआप जुळवून घेतात. एका फोनवर जमलं तरच बाकीचे विकत घ्या. लेगसी फक्त फोनच्या पोर्टवर चालू करा, सगळ्या स्विचवर नको, कारण या अवस्थेत स्विच नेहमीपेक्षा भोळा झालेला असतो.

एएफ वीज घेऊन ती जुन्या सिस्को फोनला देणारे बोटभर कन्व्हर्टरही मिळतात. आत २५ किलोओहमची ओळख आणि तारांची अदलाबदल, बस. चालतात. पण फोन अधिक कन्व्हर्टर अशी बेरीज केली की ७९४२ ची किंमत जवळ येते, आणि टेबलामागे लटकणारा आणखी एक जोड वाढतो. दोन-तीन फोन आधीच गळ्यात पडले असतील तर ठीक, त्यापलीकडे नाही.

राहिला पर्याय थोड्या नव्या पिढीचा, आणि आमची शिफारस त्यालाच. ७९४१जी/७९६१जी आणि ७९४२जी/७९६२जी ८०२.३एएफचे वर्ग २ चे फोन आहेत. कुठल्याही प्रामाणिक एएफ स्विचवर लावताक्षणी उठतात. ७९४५जी आणि ७९६५जी रंगीत स्क्रीनचे, आत गिगाबिट, आणि वर्ग ३ चे. इथे वॉटचा हिशोब घालावाच लागतो. वर्ग २ साठी स्विच ७ वॉट राखतो, वर्ग ३ साठी १५.४. समजा आठ पीओई पोर्टचा स्विच आहे आणि त्याच्या खोक्यावर बारीक अक्षरांत एकूण पीओई ६५ वॉट लिहिलंय. वर्ग २ चे आठही फोन ५६ वॉटमध्ये बसतात. वर्ग ३ चे चार लावले की ६१.६ झाले आणि पाचवा अंधारात. जे स्विच वर्ग न बघता प्रत्यक्ष खपत मोजतात, त्यांच्यावर जास्त फोन चालतील. तुमचा कोणत्या जातीचा ते डेटाशीटमध्ये बघा. 'आठ पोर्ट पीओई' या शब्दांत आठ उपकरणांना पुरेल एवढ्या विजेचं वचन नसतं.

पाचवा फोन उठत नाही म्हटल्यावर लोक त्या फोनची केबल बदलतात. ओळखायची खूण सोपी आहे: चालू असलेला एक फोन काढा. बंद असलेला आपणहून उठला, तर दोष वॉटचा. पोर्ट बदलल्यावर उठला, तर पोर्टचा किंवा प्राधान्यक्रमाचा.

केबलबद्दल थोडंच. फोनच्या बाबतीत लांबीचा बागुलबुवा उगाच केला जातो. एएफ मानकात १०० मीटरसाठी जाण्या-येण्याचा रोध जास्तीत जास्त २० ओहम धरलाय. ६.३ वॉटचा फोन ४८ व्होल्टवर ०.१३ अँपिअर घेतो, म्हणजे तूट जेमतेम २.६ व्होल्ट. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या स्वस्त केबलचा रोध सुमारे दीडपट. तरी तूट चार व्होल्टच्या आसपास. फोन चालतो. खरा त्रास टोकांना होतो. ॲल्युमिनियमची तार पंच करताना, वाकवताना तुटते, काळी पडते, आणि मग फोन अधूनमधून स्वतःहून रीस्टार्ट होतो. रॅकजवळ हालचाल झाली की दोन टेबलांवरचे फोन एकदम बूट व्हायला लागले, तर संशय टोकांवर घ्या. तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर ते तांबं नव्हे.

विजेपलीकडच्या दोन गोष्टी सौद्याआधी माहीत असाव्यात. ७९४०/७९६० चे दोन्ही पोर्ट १०/१०० चे. फोनमधून कॉम्प्युटर जोडला की तुमच्या गिगाबिट नेटवर्कवर तो कॉम्प्युटर १०० वर येतो. अकाउंट्सचा मोठा डेटा सर्व्हरवर असेल तर जाणवतं. दुसरं, व्हॉइस व्हीलॅन (त्याच तारांवर फोनसाठी वेगळा काढलेला नेटवर्कचा भाग) कोणता ते हे फोन फक्त सीडीपीवरून शिकतात, एलएलडीपी ही सगळ्या कंपन्यांची तशीच भाषा त्यांना कळत नाही. दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर व्हीलॅनचा आकडा प्रत्येक फोनमध्ये हाताने भरायचा. सेटिंग्जमध्ये नेटवर्क कॉन्फिगरेशन उघडून **# दाबलं की कुलूप निघतं. बारा फोनांचं हे काम म्हणजे एक दुपार.

दुकानात फोन हातात घेतल्यावर विक्रेत्याचं ऐकत बसू नका, उलटा करून लेबल वाचा: सीपी-७९४०जी की सीपी-७९४१जी. लेबल निघालेलं असेल, तर फोन चालू करून लाइनची बटणं बघा. ७९४१ आणि ७९६१ ची बटणं स्वतः उजळतात, ७९४० आणि ७९६० ची उजळत नाहीत. आणि जमलं तर तुमच्या ऑफिसातला स्विच पिशवीत घालून न्या. काउंटरवर अडॉप्टरशिवाय, तुमच्याच स्विचवर, तुमच्याच कॉर्डने फोन उठवून दाखवायला सांगा. विक्रेत्याने तेव्हा खिशातून अडॉप्टर काढला, तर भाव अडॉप्टरसकट ठरवा.